सायबेरियातली डेनिसोव्हा गुहा: करंगळीच्या टोकातून सापडलेली माणसं

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं की भाग अर्ध्यावर अडकतो, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातलं 'म्हणजे', 'तर', 'अॅक्च्युअली' थोडं कमी केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या उन्हाळ्यात मी रशियात, सायबेरियाच्या दक्षिणेला अल्ताय पर्वतात जाऊन आले. सोबत कॉलेजची मैत्रीण होती. परत आल्यावर ऑफिसमध्ये सगळ्यांनी विचारलं, "सायबेरियात काय बघितलंस?" मी सांगितलं, एक गुहा. "मग काय, चित्रं होती का? मूर्ती?" नाही. "सांगाडे?" तेही नाही. माती होती. लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

पण खरंच सांगते, त्या मातीमुळे माणसाच्या इतिहासात एक अख्खा नवीन मानवसमूह जोडला गेला. आणि ही माती वाचता येते, हे कळल्यावर आपल्याकडच्या गुहांकडे बघायची माझी नजरच बदलली. आज हे सगळं नीट समजून घेऊ. बायोलॉजी दहावीनंतर सोडलेल्यांनीही घाबरायचं कारण नाही, मी स्वतः बीटेकवाली आहे.

ही गुहा आहे कुठे, आणि जायचं कसं?

नकाशात रशिया, कझाकस्तान, मंगोलिया आणि चीन हे चार देश जिथे जवळ येतात तिथे बोट ठेवा. तो अल्ताय. त्याच्या वायव्य बाजूला अनुय नावाची नदी वाहते. तिच्या काठावर, पाण्यापासून साधारण २८ मीटर उंचीवर गुहेचं तोंड आहे. सरळ रेषेत मोजलं तर बर्नाऊल शहरापासून १५० किलोमीटर दक्षिणेला.

नावाची गोष्ट छान आहे. अठराव्या शतकात इथे दिओनिसी नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी राहायचा, असं सांगतात. बोलीभाषेत दिओनिसीचा डेनिस झाला, म्हणून डेनिसची गुहा, डेनिसोव्हा. अल्तायचे मूळ रहिवासी मात्र तिला 'आयू-ताश' म्हणतात, म्हणजे अस्वलाचा दगड.

प्रवासाबद्दल थोडक्यात. भारतीयांना २०२३ पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. आम्ही दिल्लीहून मॉस्को, तिथून नोवोसिबिर्स्क असं विमानाने गेलो. पुढे साडेतीनशेहून जास्त किलोमीटर बीस्क नावाचं गाव, आणि तिथून गाडी ठरवून डोंगरात. शेवटचा टप्पा खडीचा. दोन्ही बाजूंना बर्च आणि लार्चची झाडं, मधूनच लाकडी घरांची वस्ती, आणि फोनला नेटवर्क जवळजवळ नाही. त्यामुळे ऑफलाइन नकाशा आणि भाषांतराचं अॅप आधीच डाऊनलोड करून ठेवा, कारण इंग्रजी बोलणारं कुणी भेटेलच असं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं २०२२ पासून तिथे चालत नाहीत, रोख रक्कम न्या. दोन, मे-जूनमध्ये या भागात गोचिडांचा सुळसुळाट असतो आणि त्यांच्या चाव्यातून मेंदूज्वर होऊ शकतो. जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात बरा, पण तेव्हाही पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

आपली 'लेणी' आणि ही 'गुहा'

मराठी माणसाला गुहा म्हटलं की अजिंठा, कार्ला, भाजे आठवतात. पण ती लेणी. माणसांनी छिन्नी-हातोड्याने बेसाल्टमध्ये कोरलेली. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेला, त्यामुळे आपल्याकडे मोठ्या नैसर्गिक गुहा कमीच.

डेनिसोव्हा चुनखडीत तयार झाली आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडीच्या भेगांत शिरून दगड हळूहळू विरघळवतं. लाखो वर्षं हे चाललं की पोकळी तयार होते. चुनखडीचा अजून एक फायदा. तिच्यामुळे आसपासच्या मातीतलं आम्ल मारलं जातं आणि हाडं लवकर विरघळत नाहीत. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आत गेल्यावर पहिली जाणीव होते ती थंडीची. बाहेर टी-शर्टवर फिरता येत होतं, आत जॅकेट घालावं लागलं. गुहेत एक मुख्य दालन आणि दोन लहान दालनं आहेत, पूर्वेचं आणि दक्षिणेचं. मुख्य दालन साधारण ९ बाय ११ मीटर. आपल्या सोसायटीच्या एखाद्या हॉलएवढंच म्हणा ना. छताला एक नैसर्गिक भोक आहे, त्यातून उजेड खाली येतो.

पायाखाली जमीन नाही, फळ्यांचा रस्ता आहे. कारण खाली खणलेलं आहे. खड्ड्याच्या उभ्या भिंतींत मातीचे थर दिसतात. तांबूस, करडा, काळपट, पुन्हा पिवळसर. केकचा तुकडा कापल्यावर कडेला दिसतात ना, तसे. प्रत्येक थरावर छोट्या कागदी चिठ्ठ्या टोचलेल्या, त्यावर आकडे. सगळ्यात खालच्या थरांपासून वरच्या थरांपर्यंत लाखो वर्षांचा काळ एका भिंतीवर मांडलेला. आम्ही दोघी तिथे अर्धा तास नुसत्या उभ्या होतो.

१९७७ मध्ये इथे पहिल्यांदा चाचणीसाठी खोदलं गेलं आणि १९८० च्या दशकापासून नोवोसिबिर्स्कच्या पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र संस्थेचे लोक जवळजवळ दर उन्हाळ्यात खोदत आहेत. हे खोदणं म्हणजे कुदळ-फावडं नव्हे. चमचा, ब्रश, करणी. थोडी थोडी माती काढायची, कुठल्या चौकोनातली आणि कुठल्या थरातली ते लिहायचं, मग ती नदीकाठी नेऊन पाण्यात चाळायची. चाळणीत उरलेला प्रत्येक तुकडा वाळवून पिशवीत. नखाएवढा असला तरी.

करंगळीचं टोक

२००८ च्या उन्हाळ्यात पूर्वेच्या दालनात अशाच एका पिशवीत हाडाचा एक कण गेला. कुणाच्या तरी करंगळीच्या शेवटच्या पेराचा तुकडा. डाळीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही. नुसतं बघून तो कुणाचा हे सांगणं अशक्य. इथे निएंडरथल राहत होते असा अंदाज होता, आपल्यासारखी माणसंही येऊन गेली होती. दोघांपैकी कुणाचं तरी असेल, असं सगळ्यांनी धरलं.

त्याचा एक भाग जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे स्वान्ते पेबो यांची टीम जुन्या हाडांतून डीएनए काढायचं काम करते. त्यांनी ३० मिलिग्रॅम हाडाची पूड केली. म्हणजे चिमटीतल्या मिठापेक्षाही कमी. त्यातून आधी मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. हा डीएनए साधारण १६,५०० अक्षरांचा असतो आणि तो फक्त आईकडून येतो.

आता आकडे बघा. तुमचा आणि जगातल्या कुणाचाही मायटोकॉन्ड्रियल डीएनए शेजारी ठेवला तर सरासरी ६० च्या आसपास अक्षरं वेगळी निघतात. निएंडरथल आणि आपल्यात साधारण २०२. आणि या करंगळीत आणि आपल्यात? ३८५.

म्हणजे हे हाड आपलं नव्हतं, आणि निएंडरथलचंही नव्हतं. मार्च २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेशीकेंद्रातला डीएनएही आला. त्यातून कळलं की ही माणसं निएंडरथलची लांबची भावंडं होती, पण वेगळी. त्यांना नाव दिलं डेनिसोव्हन. तोवर कुठलाही मानवसमूह कवटी, जबडा, मांडीचं हाड अशा गोष्टींवरून ओळखला जायचा. हा पहिला समूह जो डीएनएवरून सापडला. चेहरा कसा होता ते माहीत नाही, पण जीनोम हातात! पेबो यांना २०२२ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हेही काम आहे.

खराब झालेली फाइल कशी वाचायची?

हा माझ्या आवडीचा भाग. समजा, तुमच्याकडे ३०० कोटी अक्षरांची एक फाइल आहे. सर्व्हर जळाला. फाइलचे ५०-६० अक्षरांचे बारीक तुकडे झाले. त्यातले बरेचसे कायमचे गेले. उरलेल्यांत दुसऱ्याच हजारो फायलींचे तुकडे मिसळले, कारण मेलेल्या हाडात बॅक्टेरिया आणि बुरशी राहायला येतात आणि त्यांचाही डीएनए असतो. वर, ज्यांनी हाड हाताळलं त्यांच्या हातांचा आणि श्वासाचा डीएनए त्यात पडला. आता मूळ फाइल परत मिळवा.

पहिली पायरी, तुकडे जुळवणं. आपल्याकडे आजच्या माणसाचा जीनोम आहे, तो नमुना म्हणून वापरायचा. प्रत्येक तुकडा त्यावर कुठे बसतो ते कॉम्प्युटर शोधतो. बॅक्टेरियाचे तुकडे कुठेच नीट बसत नाहीत, ते बाजूला.

दुसरी पायरी, जुना तुकडा आणि आजचा तुकडा वेगळा करणं. यात निसर्गच मदत करतो. डीएनएची चार अक्षरं: ए, टी, जी, सी. काळ गेला की तुकड्यांच्या टोकाशी असलेला 'सी' रासायनिकरीत्या बदलतो आणि मशीन त्याला 'टी' म्हणून वाचतं. म्हणजे ज्या तुकड्यांच्या टोकांवर ही ठरावीक चूक दिसते ते खरंच जुने. ज्यांत ती नाही ते कालपरवाच्या कुणाच्या तरी शिंकेतून आलेले असू शकतात. चूकच इथे ओळखपत्र बनते. डीबगिंग करणाऱ्यांना हे लगेच पटेल.

तिसरी पायरी, पुन्हा पुन्हा वाचणं. एकाच जागेवर एकच तुकडा असेल तर भरवसा नाही. तीस वेगवेगळे तुकडे असतील आणि त्यातले अठ्ठावीस 'ए' म्हणत असतील तर खात्री. २०१२ मध्ये लाइपझिगमधल्या टीमने डीएनएची एकेक पट्टी सुटी वाचायची नवी पद्धत काढली आणि या करंगळीचा जीनोम सरासरी ३० वेळा वाचला. आज जिवंत माणसाचा जीनोम काढतात तितकाच स्वच्छ.

हे जमलं कारण हाड कमालीचं चांगलं टिकलं होतं. निएंडरथलच्या बऱ्याच हाडांत त्या व्यक्तीचा स्वतःचा डीएनए मिळालेल्या डीएनएच्या पाच टक्केही नसायचा. या करंगळीत तो ७० टक्के होता. गुहेचं वर्षभराचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास, हे त्यामागचं मोठं कारण. आपण फ्रीजमध्ये भाजी ठेवतो त्याच तत्त्वावर.

डेनी: आई एकीकडची, बाप दुसरीकडचा

या गुहेतून हाडांचे हजारो तुकडे निघतात. बहुतेक तरसांनी आणि लांडग्यांनी चावून बारीक केलेले. ते हरणाचं आहे की माणसाचं, डोळ्यांनी कळत नाही. सगळ्यांचा डीएनए काढायचा तर खर्च आणि वेळ परवडणार नाही.

ऑक्सफर्डमध्ये सामंथा ब्राऊन या तेव्हाच्या विद्यार्थिनीने यासाठी प्रथिनांची पद्धत वापरली. हाडात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. ते डीएनएपेक्षा चिवट. त्याचे तुकडे करून वजनं मोजली की प्रत्येक प्राण्याच्या गटाचा वेगळा नमुना मिळतो, दुकानातल्या बारकोडसारखा. तिने दोन हजारांहून जास्त तुकडे तपासले. गाय-बैल वर्ग, घोडा, हरीण, मॅमथ, पुन्हा हरीण. आणि एक, फक्त एक, मानवी.

तो तुकडा जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. लाइपझिगला डीएनए काढला आणि २०१८ मध्ये निकाल आला. साधारण ९०,००० वर्षांपूर्वीची, किमान तेरा वर्षांची मुलगी. तिचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए निएंडरथलचा, म्हणजे आई निएंडरथल. पण बाकी जीनोममध्ये गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीतलं एक निएंडरथलचं आणि एक डेनिसोव्हनचं. म्हणजे वडील डेनिसोव्हन. दोन वेगळ्या मानवसमूहांचं थेट अपत्य सापडण्याची ही पहिलीच वेळ. शास्त्रज्ञ तिला प्रेमाने डेनी म्हणतात.

मला यातली एक बारीक गोष्ट जास्त आवडते. डेनीची आई याच गुहेत सापडलेल्या आधीच्या निएंडरथलपेक्षा, हजारो किलोमीटर पश्चिमेला क्रोएशियात सापडलेल्या निएंडरथलच्या जास्त जवळची होती. म्हणजे माणसं, किंवा त्यांचे पूर्वज, अख्खं युरेशिया ओलांडून ये-जा करत होते. स्थलांतर, परक्या ठिकाणी लग्न, मिश्र कुटुंब, हे सगळं आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार जुनं आहे.

हाड नसलं तरी चालेल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. माती.

गुहेत राहणारा प्रत्येक प्राणी काही ना काही मागे सोडतो. केस, लघवी, विष्ठा, रक्त, कुजलेलं मांस. त्यातला डीएनए मातीतल्या खनिजकणांना चिकटून राहतो. थंडी असेल तर लाखभर वर्षंही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेनिसोव्हाच्या तिन्ही दालनांच्या भिंतींतून मातीचे ७२८ नमुने घेतले. त्यातल्या १७५ नमुन्यांत मानवी डीएनए मिळाला. मग थरांच्या क्रमाने तो लावला, आणि गुहेचा जणू भाडेकरूंचा रजिस्टरच तयार झाला. सगळ्यात आधी, साधारण अडीच ते पावणेदोन लाख वर्षांपूर्वीच्या काळात डेनिसोव्हन. त्या काळाच्या शेवटाकडे निएंडरथल. पुढे हजारो वर्षं कधी हे, कधी ते. आणि ४५,००० वर्षांपूर्वीच्या आसपासच्या थरांत आपण, म्हणजे आधुनिक मानव. सोबत अस्वलं आणि तरसं कधी बदलली तेही. एकही नवीन हाड न वापरता!

आणि २०२३ ची गोष्ट तर ऐकाच. याच गुहेत २०१९ मध्ये हरणाच्या दाताचं, भोक पाडलेलं एक लॉकेट मिळालं होतं. खोदणाऱ्यांनी ते हातमोजे आणि मास्क घालूनच उचललं. लाइपझिगमध्ये त्याला न कापता, न खरवडता, एका द्रावणात ठेवून तापमान हळूहळू ९० अंशांपर्यंत वाढवलं. वॉशिंग मशीनच म्हणा. दातातल्या बारीक छिद्रांत जिरलेला घाम बाहेर आला आणि त्यात एका स्त्रीचा डीएनए होता. १९ ते २५ हजार वर्षांपूर्वी ते तिने केलं असेल किंवा गळ्यात घातलं असेल. लॉकेट जसंच्या तसं परत.

विचार करा, मातीची पिशवी १९९० मध्ये 'काही नाही' म्हणून फेकली असती तर? तेव्हा मातीतून डीएनए काढता येतो हे कुणाला माहीतही नव्हतं. म्हणूनच चांगले पुरातत्त्वज्ञ जागा पूर्ण खोदत नाहीत. थोडा भाग तसाच ठेवतात. वीस वर्षांनी जास्त चांगलं यंत्र येईल, त्यांच्यासाठी.

याचा आपल्याशी काय संबंध?

डेनिसोव्हन संपले, पण पूर्ण नाही. आपले पूर्वज आशियात त्यांना भेटले आणि मुलंबाळं झाली. पापुआ न्यू गिनीच्या लोकांत आजही ३ ते ५ टक्के डीएनए डेनिसोव्हनांकडून आलेला आहे. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत तो खूपच कमी, पण आहे.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण तिबेटचं. उंचावर ऑक्सिजन कमी, म्हणून आपलं शरीर हिमोग्लोबिन वाढवतं. लेहला गेल्यावर आपल्याला त्रास होतो, पण आपण आठवड्याने परत येतो. तिथेच जन्मभर राहायचं तर रक्त दाट होऊन धोका वाढतो. तिबेटी लोकांत ईपीएएस-१ नावाच्या जनुकाचं एक खास रूप असतं, त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन प्रमाणाबाहेर वाढत नाही. २०१४ मध्ये लक्षात आलं की हे रूप डेनिसोव्हन जीनोमशी जुळतं.

मग प्रश्न पडला. डेनिसोव्हा काही फार उंचावर नाही, मग यांच्याकडे हे जनुक कसं? उत्तराचा धागा २०१९ मध्ये मिळाला. तिबेटच्या पठारावर, चीनच्या गान्सू प्रांतात, ३,२८० मीटर उंचीवरच्या बाइशिया गुहेत १९८० मध्ये एका बौद्ध भिक्षूला अर्धा जबडा सापडला होता. प्रथिनं तपासल्यावर तो डेनिसोव्हन निघाला. वय किमान १ लाख ६० हजार वर्षं. पुढे त्या गुहेच्या मातीतही डेनिसोव्हन डीएनए मिळाला. आणि २०२५ मध्ये चीनच्या हार्बिनमधली एक जवळजवळ पूर्ण कवटीही डेनिसोव्हन असल्याचं समोर आलं. तिच्या दातावरच्या किटणातून डीएनए काढला! करंगळीनंतर पंधरा वर्षांनी अखेर चेहरा मिळाला.

मग आपल्याकडे असं काही का नाही?

हा प्रश्न मला परतीच्या ट्रेनमध्ये छळत होता. दगडी हत्यारं भारतात भरपूर आहेत, महाराष्ट्रातल्या नद्यांच्या काठांवरही आहेत. पण इतक्या जुन्या माणसांची हाडं फारच थोडी. नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये मिळालेला कवटीचा भाग सगळ्यात प्रसिद्ध.

एक कारण हवामान. ऊन, दमट हवा, पावसाळा, आणि आम्लधर्मी माती. चुनखडीचा मुद्दा आठवला? डीएनए तर त्याहून नाजूक. हरियाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या टीमने तिथल्या हडप्पाकालीन दफनांचं उत्खनन केलं. डीएनएसाठी ६१ नमुने तपासले. त्यातून फक्त एका व्यक्तीचा जीनोम कसाबसा निघाला, तोही शंभरहून जास्त वेळा प्रयत्न करून. २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आणि ही हाडं फक्त साडेचार हजार वर्षांची आहेत, लाखाची नव्हेत.

हवामानाचं आपण काही करू शकत नाही. पण दुसरं कारण आपल्या हातातलं आहे. सिंधुदुर्गात कोळोशीजवळच्या गुहेत उत्खनन होऊन दगडी हत्यारं मिळाली आहेत. सातपुड्यात अमरावती आणि बैतूलच्या सीमेवर चित्रं असलेले शैलाश्रय आहेत. अशा अजून किती जागा असतील! आणि आपण तिथे काय करतो? कुणीतरी गुप्तधनाच्या नादात रात्री येऊन खोदतं. कुणी 'साफसफाई' म्हणून माती उपसून बाहेर टाकतं आणि फरशी बसवतं. ट्रेकला गेलेला ग्रुप कोपऱ्यात चूल मांडतो. कुणी बदाम काढून नाव लिहितं. भिंतीवरचं नाव निदान दिसतं तरी. उपसलेली माती गेली की काय गेलं ते कधी कळतही नाही.

म्हणून तुम्ही डोंगरात फिरताना नैसर्गिक गुहा किंवा खडकाचा आडोसा दिसला, तर एवढंच करा. आत खणू नका, दगड उचलून घरी आणू नका, चूल बाहेर मोकळ्यावर मांडा. काही वेगळं दिसलं तर ते हलवायचं नाही. जागेवरच फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली हे कायमचं पुसलं जातं. टाइमस्टॅम्प उडालेल्या लॉगसारखं. ओळ आहे, पण कधीची ते माहीत नाही, मग उपयोग काय?

तुमच्यातल्या काहींचे प्रश्न

"डेनिसोव्हन आणि निएंडरथल यांच्यात युद्ध झालं असेल का?" मातीत डीएनए मिळतो, भांडणं नाही. एकाच शतकात दोघं शेजारी राहिले की आलटून पालटून आले, इतकं बारीक मोजता येत नाही. पण भेटले होते हे नक्की. डेनी हा त्याचा पुरावा.

"ते वेगळी प्रजाती होते का?" यावर एकमत नाही. त्यांचं आपल्याशी जमलं, मुलं झाली आणि त्यांचा वंश आपल्यापर्यंत आला. म्हणून बरेच जण अजूनही नुसतं 'डेनिसोव्हन' एवढंच म्हणतात.

"एवढ्या लांब जाऊन गुहा बघणं वर्थ आहे का?" चित्रं बघायची असतील तर भोपाळजवळ भीमबेटका गाठा, स्वस्तात आणि एका रात्रीच्या ट्रेनने होईल. पण मातीचे ते थर बघायचे असतील, आणि त्यांच्याजवळ उभं राहून आपण या जागेचे तिसरे भाडेकरू आहोत हे अंगावर येऊ द्यायचं असेल, तर जा. नोवोसिबिर्स्कमध्ये एक दिवस जास्तीचा ठेवा आणि गाडीवाल्याशी येण्याजाण्याचे पैसे आधीच ठरवा.

पुढच्या भागात आपण कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांबद्दल बोलणार आहोत. तुमच्या गावाजवळ एखादी गुहा किंवा शैलाश्रय असेल तर त्याबद्दल व्हॉइस नोट पाठवा, निवडक भागात ऐकवू. फक्त नेमकी जागा सगळ्यांसमोर सांगू नका, गुप्तधनवालेही पॉडकास्ट ऐकतात. चला, भेटू लवकरच. काळजी घ्या!